मागच्या डाव्या चाकाचा दीड फेरा

अंतिम शर्यतीला एक तास दहा मिनिटं उरली होती, तेव्हा विशाखाने वजनकाटे मागवले.

ताहिर गाडीच्या मागच्या अंगाला उकिडवा बसून चाकाचे नट तपासत होता. त्याने मान वर केली नाही. “आता कशाला, मॅडम? सकाळीच केलंय वजन. शीट लावलंय तिकडे.”

“बघितलं शीट. तरी एकदा करू.”

“वेळ नाही पुरायचा.”

“वीस मिनिटांचं काम आहे, ताहिरभाई. सत्तर आहेत आपल्याकडे.”

ती इतक्या शांतपणे बोलली की ताहिरच्या हातातला पाना एका नटावर दोनदा फिरला. तो उठला, पँटवरची वाळू झटकली आणि काटे आणायला ट्रककडे गेला. चार काटे होते, प्रत्येक चाकाखाली एक ठेवायचा. ते आणायला जेवढा उशीर लावता येईल तेवढा त्याने लावला.

बहरीनमध्ये झल्लाकच्या पुढे, वाळवंटात, एका क्लबाने बांधलेला हा लंबगोल ट्रॅक सहाशे मीटरचा होता. दोन सरळ पट्टे, चार वळणं, आणि गाड्या सतत डावीकडेच वळणाऱ्या. थंडीच्या चार महिन्यांत, दर दुसऱ्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटपली की इथे शर्यती सुरू व्हायच्या. ताहिर मूळचा रत्नागिरीकडचा. तिकडे तो ट्रकांचे कमानपाटे बसवायचा. बहरीनला आल्यालाही आता सव्वीस वर्षं झाली होती, आणि सलमाबादच्या गॅरेजात मागचा एक्सल, स्प्रिंगा, शॉकअप यांचं काम निघालं की लोक त्याचंच नाव घ्यायचे. सहा वर्षांपूर्वी अबू राशिद नावाच्या बहरीनी माणसाने हौसेने रेसची गाडी बांधली, तेव्हा तिची मागची बाजू ताहिरवर सोपवली. आणि तीन वर्षांपूर्वी त्या गाडीत चालवायला बसली ती ताहिरची मुलगी, सदफ. चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, ईसा टाउनच्या शाळेत शिकलेली. घरात मराठी समजायची, बोलताना अर्धं इंग्रजी.

विशाखा पुण्याची. चाकणच्या एका कारखान्यात ती सस्पेन्शनच्या चाचण्या घ्यायची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे अमवाजला राहायला आली आणि या मोसमात हौसेने टीमची इंजिनिअर झाली. तिची ही तिसरीच शर्यत होती.

गाडी काट्यांवर चढवली. सदफच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवल्या. विशाखाने चार आकडे टिपून घेतले, फोनवर गणित केलं, पुन्हा केलं. मग तंबूच्या कनातीला लावलेलं शीट काढून आणलं.

शीटवर ताहिरच्या अक्षरात लिहिलं होतं: क्रॉस ५१. पुढचं उजवं आणि मागचं डावं, या तिरक्या जोडीवर गाडीचं किती टक्के वजन बसलंय, त्याचा हा आकडा. अशा ट्रॅकवर गाडीचा स्वभाव याच आकड्यावर ठरतो. तो कमी असला तर मागची चाकं निसटायला बघतात. जास्त असला तर मागची बाजू जमिनीला चिकटून राहते, पण नाक वळत नाही.

काटे सांगत होते ५३.४.

“मागच्या डाव्या स्प्रिंगचा जॅकबोल्ट,” विशाखा हळू आवाजात म्हणाली. “साधारण दीड फेरा जास्त आवळलाय. सकाळच्या वजनानंतर.”

ताहिरने शीट तिच्या हातातून घेतलं.

“बोल्ट आपोआप फिरत नाही. लॉकनट असतो त्याला.” तिने टायरचं तापमान लिहिलेला कागद पुढे केला. “दुपारच्या शर्यतीनंतर पुढचं उजवं टायर मागच्यापेक्षा चोवीस अंश गरम होतं. तेव्हाच शंका आली मला. याआधीच्या दोन्ही शर्यतींत तसंच होतं. दर वेळी शीटवर एक्कावन्न, आणि गाडी चालते त्रेपन्नासारखी.”

तंबूच्या दुसऱ्या टोकाला सदफ पाणी पीत बसली होती. दुपारच्या निवड शर्यतीत तिच्या गटात ती सहावी आली होती. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना तिची गाडी मागून अशी सुटली होती की भिंत हातभर राहिली. तिला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं, की आज पहिल्या पाचात आली नाही तर पुढच्या शर्यतीला अबू राशिद दुसरा ड्रायव्हर बसवणार आहे. त्याने तसं सकाळी तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

“तुम्ही सांगता की मी सांगू?” विशाखाने विचारलं.

“मी सांगतो.”

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सदफची गाडी त्याच दुसऱ्या वळणावर मागून निसटून भिंतीवर आदळली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. काच नसलेल्या खिडकीतून बाहेर आलेला आणि न हलणारा तिचा हात ताहिरने पिटमधून, म्हणजे मेकॅनिक उभे असतात तिथून, पाहिला होता. नंतर ती बरी झाली, हसायला लागली, पुन्हा गाडीत बसायची भाषा करू लागली. पण ताहिरच्या डोळ्यांपुढून तो हात हलला नाही. बायको मसूदा एकदाच बोलली होती, ताट वाढताना, त्याच्याकडे न बघता: “तिला काय मी आडवू शकत नाय. पन गाडी तुमच्या हातात हाय ना?”

हे त्याने मनावर घेतलं. मागच्या डाव्या चाकावर वजन वाढवलं की मागची बाजू सहजी निसटत नाही, हे तो ट्रकांच्या काळापासून जाणत होता. पोरगी थोडी मागे राहील, पण भिंतीवर जाणार नाही. या मोसमातल्या पाचही शर्यतींत, वजन झालं की पाच मिनिटं गाडीखाली जायचं, लॉकनट सैल करायचा, स्प्रिंग दाबणारा जॅकबोल्ट दीड फेरा आवळायचा. कुणालाही दिसायचं नाही.

तो सदफसमोर जाऊन उभा राहिला. बसला नाही.

“सदफ, गाडीत मी फेरफार करतोय. शीटवर लिहितो एक, ठेवतो दुसरं.”

तिने वर पाहिलं. तिला ते कळलंच नाही. “म्हणजे?”

“डाव्या मागच्या चाकावर वजन वाढवतो. तुझी गाडी मागून सुटू नये म्हणून. पहिल्या रेसपासून.”

“धिस सीझन?”

“हा सीझन.”

सदफने बाटली खाली ठेवली. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. ग्रीसने काळे झालेले, बोटांच्या पेरांना चिरा पडलेले हात.

“पाच रेस,” ती म्हणाली. “पाच रेस मी घरी जाऊन माझे व्हिडिओ बघतेय, अब्बा. रोज. माझं काय चुकतंय, माझा पाय कुठे चुकतोय. मला वाटलं, ॲक्सिडेंटनंतर मी घाबरट झाले. मला वाटलं, आय ॲम फिनिश्ड.” तिचा आवाज चढला नाही, पण फाटला. “तुम्ही बघत होता ना मला? सोफ्यावर बाजूला बसून?”

“बघत होतो.”

“आणि काही बोलला नाही.”

“नाही.”

विशाखा जवळ आली. “सदफ, भांडण नंतर कर. आधी एक ऐक. आज दुपारी तू मागून का सुटलीस माहीत आहे?”

“मागे ग्रिप नव्हती म्हणून.”

“नाही. गाडी वळणाच्या मधे वळतच नव्हती, म्हणून. नाक बाहेर जात होतं, तू स्टिअरिंग आणखी फिरवत होतीस. एवढं फिरवलेलं स्टिअरिंग घेऊन बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिलास. पुढच्या चाकांनी एकदम पकडलं आणि मागची सुटली.” ती ताहिरकडे वळली. “तुम्ही तिला भिंतीपासून लांब नेत नव्हता, ताहिरभाई. जवळ नेत होता.”

ताहिर मागे रचलेल्या टायरच्या चवडीवर टेकला. सव्वीस वर्षांत त्याला कुणी त्याच्या कामातली चूक दाखवली नव्हती असं नाही. पण ही चूक त्याने जाणूनबुजून, काळजीने, दर शर्यतीला स्वतःच्या हातांनी केली होती.

“एक्कावन्न करा,” सदफ म्हणाली. “विशाखाताई, तुम्ही करा. यांनी हात लावायचा नाही.”

विशाखाने घड्याळ पाहिलं. “मला आकडे येतात, सदफ. त्या बोल्टवर माझा हात बसलेला नाही. फेरा मोजण्यात माझी चूक झाली तर पुन्हा वजन, पुन्हा फेरा. बेचाळीस मिनिटं राहिलीत.”

सदफने डोळे मिटले, उघडले. “ओके. पण मी खाली येणार.”

ती रेससूटसकट जमिनीवर आडवी झाली आणि बापाच्या बाजूला गाडीखाली सरकली. ताहिरने टॉर्च तिच्या हातात दिला. लॉकनट सैल केला, पाना बोल्टवर बसवला.

“अर्धा,” ताहिर म्हणाला.

“थांबा.” तिने बोल्टच्या डोक्यावर खडूने रेघ मारली. “आता फिरवा. मी मोजते.”

पाना फिरला. तिने मोजलं. अर्धा, पाऊण, एक. खालून वारा शिरत होता आणि दोघांच्या डोळ्यांत वाळू जात होती. सव्वा. दीड. तिने टॉर्च बोल्टवर धरून ठेवला, तो लॉकनट आवळेपर्यंत. मग बाहेर सरकली.

काट्यांनी दाखवलं: ५१.१. विशाखाने नवं शीट लिहिलं आणि खाली सही केली.

ताहिर मात्र तिथे उभा नव्हता. तो तंबूच्या बाहेर जाऊन दुसऱ्या वळणाकडे बघत होता. वारा उत्तरेकडून आला होता आणि गेल्या अर्ध्या तासात वाढला होता. झाडू मारणारा ट्रक ट्रॅकवरून फेरी मारून गेला, आणि त्याच्या मागे लगेच वाळूचा पातळ पदर पुन्हा डांबरावर सरकला. ताहिर परत आला. जे बोलायचं होतं ते बोलायची त्याला लाज वाटत होती.

“सदफ. एक बोलू?”

ती हेल्मेट पुसत होती. “काय?”

“वारा वाढलाय. दुसऱ्या वळणाच्या बाहेर वाळू बसतेय. एक्कावन्नवर गाडी मधे वळेल, ते खरं. पण बाहेर पडताना मागची चाकं जागेवर फिरतील.”

सदफ हसली, पण ते हसू नव्हतं. “अगेन? दहा मिनिटं नाही झाली, अब्बा.”

“वजनाला हात लावू नको. वजन राहू दे. एक्सलच्या वरून पुढे जाणारा जो दांडा आहे ना, वरची लिंक, तिचं पुढचं टोक एक भोक खाली घेऊ. ॲक्सिलरेटर दिला की एक्सल मागे पिळतो. त्या पिळाने चाकं जमिनीत दाबली जातात. फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर. वळणाच्या मधे काहीच फरक नाही.”

“हे कोणासाठी? गाडीसाठी की तुमच्यासाठी?”

शेजारच्या टीमचा जनरेटर धडधडत होता.

“मला भीती वाटते,” ताहिर म्हणाला. “ती आहेच. आता ह्या घडीलाही आहे. पण हे भीतीपायी नाही सांगत. तू माझं ऐकू नको. वाळू बघ, मग ठरव.”

सदफने विशाखाकडे पाहिलं. विशाखाने खांदे उडवले नाहीत, मान डोलावली. “तत्त्व बरोबर आहे. वळणाच्या मधल्या भागावर परिणाम होणार नाही. पण एवढी वाळू आहे का, ते मला इथून सांगता येत नाही.”

“किती वेळ लागेल?”

“बारा मिनिटं,” ताहिर म्हणाला. “लिंकची लांबीही थोडी बदलावी लागेल, नाहीतर शाफ्टचा कोन बिघडेल.”

“चला.”

तिघं जाळीच्या कडेकडेने दुसऱ्या वळणाकडे निघाले, जवळजवळ पळतच. ट्रॅकवर लहान गाड्यांची शर्यत चालू होती. जाळीपाशी पोचून सदफने बोटं अडकवली आणि बघत राहिली. एकेक गाडी वळणातून बाहेर पडताना तिच्या मागच्या चाकांखालून पिवळी धूळ उठत होती. इंजिनाचा आवाज अचानक किंचाळायचा, म्हणजे चाकं पकड सोडून मोकळी फिरायची, आणि मग दोन क्षणांनी खाली यायचा. पाच गाड्या तशा गेल्या. सहावी बरीच आत, खालच्या बाजूने आली आणि तिचा आवाज चढला नाही.

“खालची लाइन क्लीन आहे,” सदफ म्हणाली.

“आहे. पण गर्दीत तुला ती मिळेलच असं नाही.”

ती आणखी दोन गाड्या बघून वळली. चालता चालताच म्हणाली, “भोक बदला. मी बाजूला उभी राहीन.”

ताहिरने बारा मिनिटांचं काम अकरा मिनिटांत केलं. एकही बोल्ट दोनदा काढावा लागला नाही. सदफ उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारत होती आणि तो उत्तर देत होता. हे का सैल केलं? हा कोन किती होता, किती झाला? विशाखा लिहीत होती. एवढ्यात अबू राशिद आला, पांढऱ्या पायघोळ थोबवर टीमचं जाकीट चढवलेला. “यल्ला, यल्ला! अब तक गाडी खुली है? क्या हुआ?”

“रेस के बाद, अबू राशिद,” ताहिर हिंदीत म्हणाला. “सब बताऊंगा.”

सोळा गाड्या होत्या. दोन्ही गटांच्या वेळा मिळून सदफची सुरुवातीची जागा नववी. तीस फेऱ्या.

हिरवा झेंडा पडला आणि पहिल्याच फेरीत गाडी मधे वळली. पिटच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या ताहिरला ते दिसलं. गाडीचं नाक, जे पाच शर्यती बाहेरच्या भिंतीकडे ओढत होतं, ते आत राहिलं. तिने स्टिअरिंग कमी फिरवलं, लवकर सरळ केलं. तिसऱ्या फेरीला ती आठवी, सहाव्या फेरीला सातवी. विशाखा कानाला रेडिओ लावून तिला आतलं-बाहेरचं सांगत होती. “आत कुणी नाही. आत मोकळं. ये.”

दहाव्या फेरीपर्यंत ताहिर बघत होता. मग त्याला दुसरं वळण बघवेना. गाडी तिथे पोचली की तो डोळे मिटून घ्यायचा आणि कान लावायचा. चाकं सुटली तर आवाज चढेल. पकडली तर इंजिन खाली जड आवाजात ओढेल. दर फेरीला तो तेवढा एक क्षण श्वास रोखून उभा राहायचा, जड आवाज ऐकायचा, आणि डोळे उघडायचा.

चौदाव्या फेरीला चढलेला आवाज आला. पण तो सदफचा नव्हता.

त्याने डोळे उघडले तेव्हा तिच्या पुढची निळी गाडी वाळूवर गिरकी घेत होती आणि तिचं मागचं अंग ट्रॅकच्या मधोमध येत होतं. खालची बाजू बंद झाली होती. सदफला एकच वाट उरली होती, वरची, भिंतीलगतची, वाळूची.

“वर!” विशाखा रेडिओत ओरडली. “वर, वर, वर!”

गाडी वर गेली. ताहिरने भिंतीचा कठडा धरला. तिची मागची बाजू बाहेर झुकली, वाळूचा लोट उठला, आणि गाडी त्यात नाहीशी झाली. इंजिन चढलं. एक क्षण. मग त्याच लोटातून तो आवाज खाली आला, जड, ओढणारा, आणि गाडी भिंतीपासून वीतभर अंतराने सरळ होऊन बाहेर पडली. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नव्हता.

“क्लिअर,” विशाखा म्हणाली, आणि रेडिओवरून हात काढून तोंडावर ठेवला.

पिवळा झेंडा पडला. निळ्या गाडीचा ड्रायव्हर चालत बाहेर आला. ताहिर पिटच्या मागे गेला आणि डिझेलच्या पिंपाआड उलटी केली. तोंड धुऊन परत आला, तेव्हा शर्यत पुन्हा सुरू झाली होती.

ती चौथी आली. तिसऱ्या गाडीत आणि तिच्यात एका बोनेटचं अंतर होतं. अबू राशिदने टीमच्या सगळ्यांना मिठ्या मारल्या, सदफच्या हेल्मेटवर थापा मारल्या. “शाबाश! देखा? मैं बोला था!” तो असं काही बोलला नव्हता, पण कुणी ते काढलं नाही.

गर्दी जरा ओसरल्यावर ताहिर त्याच्यापुढे गेला. सदफ हातमोजे काढत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर त्याने सगळं सांगितलं. दीड फेरा, पाच शर्यती, खोटं शीट. कारणही एका वाक्यात सांगितलं, पण त्यावर थांबला नाही.

अबू राशिदचा चेहरा हळूहळू उतरला. “मैं तुम्हारी बेटी को निकालने वाला था, ताहिर. आज.”

“हां.”

“तुम्हारे काम की वजह से.”

“हां, अबू राशिद.”

म्हाताऱ्याने वाळवंटाकडे पाहिलं. त्यालाही मुली होत्या, तीन. मग तो म्हणाला, “दो रेस तुम पिट में नहीं आएगा. गॅरेज में भी गाडी को हाथ नहीं. उसके बाद, इंशाल्ला, देखेंगे. खलास.”

ताहिरने मान डोलावली. त्याने एकदा सदफकडे पाहिलं. ती हातमोजे घडी करत होती. ती त्याच्या बाजूने काही बोलली नाही.

जिदहफ्सला घरी जाताना गाडी तीच चालवत होती. शेख ईसा हायवे लागला.

“मी बोलले नाही तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “बोलणार पण नव्हते.”

“बरोबर केलंस.”

“मला राग आहे अजून. बराच दिवस राहील.”

“राहू दे.”

सिग्नलला गाडी थांबली. ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. “पण लिंकचं बरोबर होतं,” ती म्हणाली, आणि सिग्नल सुटला.

घरी ताहिरने मसूदाला स्वतःच सगळं सांगितलं. मसूदा ऐकत राहिली, मधेच उठून गॅस बंद करून आली, परत बसली. “मीच बोलले व्हते तुमाला,” ती म्हणाली. ताहिर म्हणाला, “तू बोललीस. फिरवला मी.”

दोन आठवडे तो गॅरेजात पिकअप आणि पाण्याचे टँकर दुरुस्त करत राहिला. रेसची गाडी पाच पावलांवर उभी असायची. विशाखा नव्या माणसाला घेऊन तिच्याखाली जायची, आणि ताहिर पाठ फिरवून आपलं काम करायचा. सदफ संध्याकाळी यायची, विशाखाशी बोलायची, बापाशी फक्त घरच्या गोष्टी. एकदा तिने त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, “खालच्या लिंकचे बुश कुठे ठेवलेत?” त्याने कपाट दाखवलं. एवढंच.

पुढच्या शर्यतीच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर तो तिकीट काढून स्टँडमध्ये जाऊन बसला. पायऱ्यांवर बांगलादेशी, फिलिपिनो, मल्याळी, सगळे आपापले डबे उघडून बसले होते. सहा वर्षांत त्याने ही शर्यत वरून कधी पाहिली नव्हती. पिटमधून एक वळण दिसतं. इथून चारही दिसत होती, आणि गाडी एका वळणातून दुसऱ्यात कशी जाते, तेही दिसत होतं.

सरावाच्या फेऱ्या सुरू होत्या. वारा पडला होता, डांबर स्वच्छ होतं. लाल-पांढऱ्या गाडीवर त्याची नजर खिळून होती. दुसरं वळण ती सुंदर घेत होती. पण तिसऱ्यात शिरताना दर वेळी इंजिनाचा आवाज वळणाच्या तोंडाशी असलेल्या पिवळ्या खांबाच्या एक क्षण आधी पडायचा. मागची बाजू पूर्ण बसलेली होती, गाडी आणखी वेग मागत होती, आणि पाय आधी निघत होता. पाच शर्यतींत ती सवय लागली असणार. तेव्हा गाडी वळत नसे, म्हणून लवकर पाय काढावा लागे.

सराव संपला. गाड्या आत गेल्या. पाच मिनिटांनी त्याचा फोन वाजला. पडद्यावर सदफचं नाव.

“अब्बा.” मागे पिटचा गोंगाट होता. “तुम्ही वर आहात ना?”

“आहे.”

“तिथून काय दिसतं? विशाखाताई म्हणतात तिसऱ्यात वेळ जातोय, पण का ते कळत नाही. गाडीत काही आहे का?”

ताहिरने खालच्या ट्रॅककडे पाहिलं. तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर आधीच्या कुणाच्या तरी टायरचे काळे फराटे होते. गाडीत आहे म्हटलं असतं, तर त्यांनी एखादी स्प्रिंग बदलली असती आणि सदफ आज तेवढ्याच कमी वेगाने तिसऱ्यात शिरली असती. तसं म्हणणं सोपं होतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

“गाडीत काही नाही,” तो म्हणाला. “गाडी चांगली बसलीय. तू पाय लवकर काढतेस. पिवळ्या खांबाच्या आधीच काढतेस.”

“किती आधी?”

“एक गाडीभर. खांबापर्यंत ठेव पाय. मागचं धरेल.”

“शुअर?”

त्याने भिंतीवरचे फराटे पुन्हा एकदा पाहिले.

“शुअर,” तो म्हणाला. “ठेव.”